फाटकाचं कुरकुरणं

आपण कुणाच्या बोलण्यात मध्येच तोंड घालतो, असं प्रभावतीला कधी वाटलं नाही. ती फक्त दुरुस्ती करी. कोरगावात इंग्रजीच्या शिकवण्या घेणारे आणखीही होते. पण उशिरा आलेलं मूल दारात उभं राहून 'एक्स्क्यूज मी बीइंग लेट' म्हणालं, तर त्याच्याकडून 'माय बीइंग लेट' वदवून घेतल्याशिवाय आत न सोडणारी ती एकटीच. मूल तेवढा वेळ पायरीवर घोटाळत उभं राही आणि त्याला आणखी उशीर होई.

मुलं तिला आयएनजी बाई म्हणत. हे तिला ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. क्रियापदाला आयएनजी लागून त्याचं नाम झालं की त्याच्या पुढ्यात मी, हिम, देम बसवायचं नाही. माय, हिज, देअर बसवायचं, हा तिचा कायदा. परीक्षेत त्यावर प्रश्न येई किंवा न येई, तिच्या घरात तो रोज येई.

"तुमची आई काय म्हणते?" ती विचारी. "'तुला उशिरा उठणं मला आवडत नाही' असं म्हणते? नाही ना? 'तुझं उशिरा उठणं' म्हणते. उठणं ही आता वस्तू झाली. वस्तू म्हटली की तिला मालक हवा. पाटी कुणाची? माझी. उठणं कुणाचं? तुझं. मराठीत जमतं, मग इंग्रजीत काय होतं तुम्हाला?"

"बाई, आमची आई नुसती 'ऊठ गो' म्हणते," सेजल नावाची एक आगाऊ पोरगी एकदा म्हणाली.

"ते आज्ञार्थी. खाली बस."

प्रभावतीचं माहेर पेडणे शहरात. इंग्रजी घेऊन बी. ए. झाली आणि लग्न होऊन काजूच्या बागायतीत येऊन पडली, असं ती सुरुवातीला म्हणे. पुढे 'येऊन पडली'मधलं पडणं निघून गेलं. नवरा पांडुरंग शिरगावच्या बाजूला एका खाणीवर वजनकाट्यावर होता. खाणी बंद झाल्यावर तो कायमचा घरी आला, काजूची झाडं बघू लागला. आयुष्यभर ट्रकांच्या घरघराटात बसल्यामुळे त्याला एका कानाने कमी ऐकू येई. कुठल्या कानाने, ते प्रसंगाप्रमाणे ठरे.

एकुलता मुलगा रुद्रेश तुयेच्या औद्योगिक वसाहतीत औषधांच्या कारखान्यात पॅकिंग खात्याचा सुपरवायझर होता. तिशी ओलांडलेला, शांत, निर्व्यसनी, सकाळी डबा घेऊन जाणारा आणि संध्याकाळी तो धुऊन परत आणणारा. अशा मुलाचं लग्न जुळायला वेळ लागण्याचं काही कारण नव्हतं. कारण होती त्याची आई. कुठल्या मुलीची आई जास्त बोलकी, कुठल्या घराला संडास मागच्या अंगाला, कुठली मुलगी 'शी डोन्ट' म्हणाली. असं तोंडावर सांगता येत नाही, म्हणून त्या भागात एक सोयीचं उत्तर आहे: देवाने प्रसाद दिला नाही. म्हणजे देवाच्या मूर्तीला डाव्या-उजव्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गुरवाने प्रश्न घालायचा, उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. देवच नाही म्हणाला म्हटल्यावर कुणाला राग यायचं कारण उरत नाही. प्रभावतीने हे उत्तर दोन-तीन घरांना कळवलं होतं. त्यातल्या एकाही वेळी ती देवळाची पायरी चढली नव्हती.

यंदा गणपतीची चवथ झाल्यावर पांडुरंगाची चुलतबहीण लक्ष्मीआक्का डिचोलीकडचं स्थळ घेऊन आली. मुलगी गौरवी, मोपाच्या विमानतळावर काउंटरवर काम करणारी. वडील विठ्ठल, एकेकाळी खाणीवर स्वतःचे ट्रक चालवणारे. फोटो बघून रुद्रेश काही बोलला नाही, पण फोटो परतही दिला नाही. प्रभावतीने तेवढ्यावरून ओळखलं.

एका रविवारी हे तिघे आणि लक्ष्मीआक्का मुलगी बघायला गेले. घर नीटनेटकं, मेजावर नवं प्लास्टिक, त्यावर अजून दुकानातली घडी दिसत होती. गरम भजी आली, पाव आले, बशीत खोबऱ्याच्या वड्या आल्या. प्रभावतीने सगळं बघून घेतलं. मुलगी डोळे खाली न घालता बसली होती, पण उगाच वरही बघत नव्हती. संडास आतच होता. मुलीची आई कमी बोलत होती. प्रभावतीला एकही खोट सापडेना, आणि त्यामुळे ती जरा अस्वस्थच झाली होती.

विठ्ठल आणि पांडुरंग बंद पडलेल्या खाणींविषयी बोलू लागले. जुने ट्रक, जुनी धूळ, जुने मुकादम. दोघांनाही असा श्रोता बऱ्याच दिवसांनी मिळाला होता. ते रंगात आलेले पाहून गौरवी प्रभावतीकडे किंचित सरकली. घरच्यांनी तिला बजावलं होतं, पहिल्याच दिवशी नोकरीचं काही काढू नकोस. पण समोर इंग्रजीच्या बाई बसल्या होत्या, आणि आपल्या आईवडिलांना इंग्रजी येत नाही याचा हा असा फायदा परत मिळणार नव्हता. तिने भज्यांचं ताट पुढे केलं आणि हळूच, पण स्पष्ट विचारलं,

"आंटी, वुड यू माइंड मी डूइंग नाइट शिफ्ट्स आफ्टर मॅरेज?"

"माय डूइंग," प्रभावती म्हणाली.

आणि ती थांबली. वर्गात थांबे तशीच, मान जराशी पुढे करून, मूल आता पूर्ण वाक्य नीट म्हणेल म्हणून. गौरवी काहीच म्हणेना, तेव्हा तिने प्रेमाने पुस्ती जोडली, "एकदा पूर्ण म्हण बघू."

खाणीवरचे दोन्ही ट्रक जागच्या जागी थांबले. रुद्रेशने हातातलं भजं बशीत ठेवलं. पांडुरंगाने बशी तोंडाला लावली. चहा कपातच होता.

"आंटी," गौरवी मराठीत म्हणाली, "मी दुरुस्ती नव्हती मागितली."

"काय झालं?" विठ्ठलने विचारलं. "कसलं डुइंग?"

"काही नाही, बाबा." तिने ताट उचललं आणि आत गेली. ती परत आली नाही. खोबऱ्याच्या वड्या तशाच राहिल्या. लक्ष्मीआक्काने जाताना चार पदराला बांधून घेतल्या, पण त्या कोरगावापर्यंत कुणी खाल्ल्या नाहीत.

परतीच्या वाटेवर गाडीत रुद्रेशच आधी बोलला, रस्त्यावरची नजर न काढता.

"आये, तिने प्रश्न विचारला होता. तू पेपर तपासलास."

"मी नाही म्हटलं का तिला?"

"'हो'सुद्धा म्हटलं नाहीस."

"वाक्य चुकलं होतं रे." रुद्रेशने गिअर बदलला.

"अहो," तिने मग नवऱ्याला हाक घातली, "तुम्ही तरी सांगा."

पांडुरंगाने डावा कान तिच्याकडे केला, मग उजवा, आणि मान हलवली. त्या दिवशी त्याला दोन्ही कानांनी ऐकू येत नव्हतं.

आठवडा उलटायच्या आत लक्ष्मीआक्काचा फोन आला. "अगे प्रभा, ते म्हणतत, देवाचो प्रसाद घेवन काय ता सांगतो."

प्रभावती फोन ठेवून खाटेवर बसली. या वाक्याचा अर्थ या तालुक्यात तिच्याइतका कुणाला ठाऊक असणार? चार दिवसांनी पुन्हा फोन येणार, देवाचं उत्तर येणार, आणि तिला राग यायचं कारण उरणार नाही. तिला आत्ताच राग आला. देवळात जाणार नाहीत लबाड, असं ती मोठ्याने म्हणाली, आणि मग तिला स्वतःची न चढलेली पायरी आठवली.

रुद्रेश भांडला असता तर तिने निभावून नेलं असतं. पण तो भांडत नव्हता. जेवताना 'मीठ कमी' म्हणत नव्हता, 'चांगलं झालंय' म्हणत नव्हता. ताट स्वतः धुऊन पालथं घालत होता. पॅकिंग खात्यातला माणूस. राग आला तर तोही व्यवस्थित बांधून ठेवणारा. एका संध्याकाळी त्याने फोन तिच्यासमोर धरला.

"बघ. दोन्ही चालतात म्हणून लिहिलंय. माय जरा औपचारिक, मी बोलण्यातलं."

"फोनला काय विचारतोस? फोन पेपर तपासायला बसतो?"

"मला पेपर द्यायचा नाहीये, आये. मला लग्न करायचंय."

एवढं लांब वाक्य तो लग्नाविषयी पहिल्यांदाच बोलला होता. बोलून तो स्वतःच लाजला आणि फाटक उघडून बाहेर गेला. त्यांचं फाटक लोखंडी, आजेसासऱ्यांच्या वेळचं. उघडताना ते असं कुरकुरे की वाड्यावरच्या चार घरांना कळे, आयएनजी बाईंकडे कुणीतरी आलं किंवा गेलं. प्रभावती ते कुरकुरणं ऐकत राहिली.

दुसऱ्या दिवशी आडाळ्यावर नारळ किसताना तिने मनाशी सगळं पुन्हा घोळवलं. मुलीचा प्रश्न होता, लग्नानंतर रात्रपाळी केली तर चालेल का. बरं, चालेल का? प्रभावतीने स्वतःला विचारलं, आणि तिच्या लक्षात आलं की उत्तर तिच्यापाशी नव्हतं. तेव्हाही नव्हतं, आत्ताही नव्हतं. रात्री-अपरात्री विमानतळाची गाडी येणार, फाटक वाजणार, शेजारचा कुत्रा गाव जागं करणार, सकाळी सून झोपलेली आणि सासू अंगण झाडते आहे हे पोदेर पाव द्यायला आला की बघणार आणि पुढच्या दारात सांगणार. हे सगळं तिच्या मनात त्याच क्षणी येऊन गेलं होतं. पण ते तोंडावर कसं सांगायचं, म्हणून तोंडाने जे हाताशी होतं ते उचललं. उत्तर सुचलं नाही की दुरुस्ती करायची. वर्गात हे खपून जातं. मुलं घाबरून बसतात आणि बाईंना उत्तर येत नव्हतं हे कुणाला कळत नाही.

नारळाची वाटी करवंटीपर्यंत खरवडून झाली तरी ती किसतच होती. खोबऱ्यात काळं उतरलं तेव्हा भानावर आली.

हात धुऊन तिने लक्ष्मीआक्काला फोन लावला. "त्यांना सांग, प्रसाद घ्यायचाच तर आमच्या देवाकडे घेऊया. दोन्हीकडची माणसं समोर. गुरव समोर."

"आता तुका देव आठवलो गे?" लक्ष्मीआक्का म्हणाली. आधीची सगळी 'देवाची उत्तरं' तिनेच पोचवली होती. "बरां. विचारतंय."

विठ्ठलला मुलगा मनापासून आवडला होता. दारू नाही, नोकरी कायम, आणि बाप खाणीवरचा. मुलाच्या देवाने उजवी दिली तर आपली ना नाही, असं त्याने कळवलं.

ठरल्या दिवशी सकाळी सगळे देवळात जमले. विठ्ठल आणि त्याची बायको नारळ घेऊन आले. गौरवी रात्रपाळी करून मोपाहून परस्पर आली. निळा गणवेश, गळ्यात पट्टीचं ओळखपत्र, केस अजून जागच्या जागी, डोळे मात्र तांबडे. तिने देवाला नमस्कार केला, मोठ्यांना केला आणि खांबाला टेकून उभी राहिली. झोप आवरत होती की राग, ते प्रभावतीला कळेना.

सगुण गुरवाला पुढे एका घरी वास्तुशांतीला जायचं होतं. त्याने भराभर मूर्तीला पाणी लावलं आणि पाकळ्या चिकटवल्या. "पाकळे लावन ठेवतंय," तो म्हणाला. "तुमी तोपर्यंत प्रश्न ठरवा. देवाक सरळ प्रश्न लागता. होय काय नाय, इतकोच."

प्रश्न ठरवणं सोपं असेल असं सगळ्यांना वाटलं होतं.

"मुलांचं बरं होईल का, असं विचारा," विठ्ठल म्हणाला.

"बरां म्हणजे कितपत?" सगुणने विचारलं. "तसो प्रश्न चलाचो नाय."

"लगीन जमयत काय, असां घाल," लक्ष्मीआक्का म्हणाली.

"जमयतला तर तुमी. देव कसो जमयतलो?"

"यंदा करावं की पुढच्या वर्षी?" मुलीच्या आईने पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"हे दोन प्रश्न झाले, वहिनी. दोन वेगळे पाकळे लागतले."

पांडुरंग म्हणाला, "खाणी सुरू होतील का ते पण विचारून घे रे एकदा." विठ्ठल हसला. त्याची बायको हसली नाही.

बोलाचाली वाढली. प्रत्येकजण दुसऱ्याचा प्रश्न कसा चुकीचा आहे ते सांगू लागला. एरवी अशा ठिकाणी प्रभावती सर्वांत पुढे असती. पण ती गप्प होती. तिने हात जोडले होते, डोळे मिटले होते, आणि तिचं मन, जे चांगल्या वेळी कधी चांगलं वागत नसे, ते भलतीकडेच गेलं. रुद्रेशचा फोन तिला आठवला. दोन्ही चालतात. इतकी वर्षं पायरीवर उभी केलेली पोरं आठवली. देवा, तिने मनात म्हटलं, तू सगळं जाणतोस. मी की माय? माय असेल तर उजवी दे.

टप्.

सगळे मूर्तीकडे वळले. उजव्या अंगाची पाकळी खाली पडली होती.

"झालं!" विठ्ठलने दोन्ही हात वर केले. "दिली देवाने!"

"थांबा थांबा," सगुण म्हणाला. तोच सगळ्यांत जास्त गोंधळला होता. "मी अजून गाऱ्हाणां घालूक नाय. प्रश्नच घालूक नाय. देवान उत्तर दिला तां कोणाक?"

"मला," विठ्ठल म्हणाला. "मी मनात विचारलं होतं."

"मी पण," त्याची बायको म्हणाली.

"मनातला मी काय समजू? उजवी कोणाची, तां कळाक नको?"

प्रभावतीने डोळे उघडले. तिच्या चेहऱ्यावर असं काही तेज आलं होतं की पांडुरंगाने तिच्याकडे बघून डोळे बारीक केले. उजवी कुणाची, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिची होती. त्रिभुवनाच्या धन्याने तिच्या कायद्यावर सही केली होती. फोन काय, डिचोली काय, सगळे आता गप्प बसणार होते. सांगितलं की झालं.

मग तिला रुद्रेश दिसला. देवळातल्या सगळ्या माणसांत तो एकटा देवाकडे बघत नव्हता. तो आईकडे बघत होता. परीक्षेच्या निकालाला उभा राहिलेला मुलगा बघतो, तसा. इतकी वर्षं तिने असे पुष्कळ चेहरे बघितले होते, पण तो कधी त्यांच्यात नव्हता. त्याला तिने कधी शिकवलंच नव्हतं.

तेवढ्यात खांबापासून आवाज आला.

"मी देवाला काहीच विचारलं नव्हतं," गौरवी म्हणाली. "मी यांना विचारलं होतं. त्यांनी उत्तर दिलं नाही, म्हणून आपण सगळे इथे आलोय."

"गौरवी," वडिलांनी दटावलं.

"आता विचारते, बाबा. मला झोप येतेय, आणि मला खरंच कळायला हवंय." ती प्रभावतीसमोर येऊन उभी राहिली. या वेळी तिने इंग्रजी घेतलं नाही. "लग्नानंतर मी रात्रपाळी केलेली चालेल का तुम्हाला?"

प्रभावतीचं तोंड उघडलं. मी केलेली नव्हे, माझं करणं. शब्द दातांपर्यंत आले आणि तिथेच थांबले, कारण हे वाक्य तिने आधी ऐकलं होतं. ऐकलं कसलं, तीच बोलली होती.

नवी नवरी होती तेव्हाची गोष्ट. शेजारची दोन पोरं इंग्रजीत नापास झाली होती आणि त्यांची आई मागे लागली होती. सासूबाई सोप्यावर आमसुलांसाठी सोलं वाळत घालत बसल्या होत्या. प्रभावतीने खूप दिवस धीर गोळा करून विचारलं होतं, "मी शिकवणी घेतलेली चालेल का?" मी घेतलेली. माझं घेणं नव्हे. सरळ मराठी, पायरीवरची पोरं बोलतात तसली. सासूबाईंनी वर बघितलं नाही. हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी प्रभावती बाहेर आली तर सगळा सोपा रिकामा, झाडलेला, आणि सोलं मागच्या पडवीत पसरलेली. ऊन तिकडे कमी येई. त्या वर्षी सोलांना बुरशी धरली. सासूबाई त्यावरूनही कधी काही बोलल्या नाहीत.

"आंटी?" गौरवी म्हणाली.

"फाटक वाजतं," प्रभावती म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघू लागले.

"आमचं फाटक फार वाजतं. माझी झोप सावध. तू आलीस की मला जाग येणार. शेजारचा कुत्रा भुंकेल. पोदेर चार दारांत सांगेल की परवाची सून अजून उठली नाही. मला ते सगळं ऐकायला लागेल आणि मला ते आवडणार नाही. हे आधीच सांगते, मागून म्हणायला नको." तिने श्वास घेतला. "फाटकाला तेल घालू. कुत्र्याला तुझी सवय होईल. पोदेराला व्हायची नाही. पण चालेल. कर तू."

गौरवीचे तांबडे डोळे आणखी तांबडे झाले आणि ती हसली. "पोदेराशी मी बोलेन," ती म्हणाली.

"म्हणजे त्या दिवशीचं डुइंग ते हे?" विठ्ठलच्या आत्ता ध्यानात आलं. "तुला किती वेळा सांगितलं होतं, रात्रपाळीचं काढू नको म्हणून!"

"असू दे हो," पांडुरंग म्हणाला. त्याला अचानक दोन्ही कानांनी लख्ख ऐकू येऊ लागलं होतं. "मी खाणीवर जन्मभर रात्रपाळी केली. माका कोणी विचारूक नाय, आणि मी हिका विचारूक नाय."

"तेच तर," प्रभावती म्हणाली.

सगुण गुरव अजून मूर्तीपाशी उभा होता. "मग परत पाकळे लावू? नीट प्रश्न घालून?"

"नको!" असं सगळे एकदम म्हणाले. सगुणने खांदे उडवले, नारळ फोडला आणि वास्तुशांतीला निघून गेला.

घरी येताना पांडुरंगाने विचारलं, "ती उजवी पडली तेव्हा तू काय विचारलं होतंस गे?"

"काही नाही."

"काही नाही कसं? तोंडावर दिवाळी होती."

"गाडी चालवतोय तो, त्याच्याशी बोला."

लग्न माघात झालं. लग्नाच्या आधी प्रभावतीने रस्त्याकडची खोली रिकामी केली. सासूबाई गेल्यापासून तिथेच तिची शिकवणी चालत असे. स्वतंत्र दार, रस्त्याकडे उघडणाऱ्या जनेलाला जाळी, भिंतीवर फळा. फळा काढताना चार खिळ्यांपैकी एक निघेना; तो तसाच राहिला, आता त्यावर विमानतळाचं ओळखपत्र टांगलेलं असतं. बाकं पुन्हा सोप्यावर आली. खोलीला बाहेरून दार असल्यामुळे रात्री आलेल्या माणसाला सगळं घर ओलांडून जावं लागत नाही. हे असं का केलं, ते प्रभावतीने कुणाला सांगितलं नाही. रुद्रेशने विचारलं तेव्हा, सोप्यावर वारा येतो, एवढंच म्हणाली.

दुपारी गौरवी झोपलेली असते, त्यामुळे शिकवणी हळू आवाजात चालते. सेजलला हा प्रकार फार आवडला आहे. ती परवा कुजबुजत म्हणाली, "बाई, डझ शी माइंड अस टॉकिंग?"

प्रभावतीने तिच्याकडे बघितलं. मुलं वाट बघू लागली. एकाने तर 'अवर'साठी ओठ गोल करून ठेवले होते.

"दार बंद आहे," प्रभावती कुजबुजली. "ऐकू जात नाही. वही काढा."

पेपरात काय लिहायचं ते तिने बदललेलं नाही. पेपरात माय. त्या बाबतीत तिच्यामागे कोण उभं आहे, ते तिलाच ठाऊक.

फाटकाचं मात्र वेगळंच झालं. शब्द दिला होता, म्हणून गौरवीच्या लग्नानंतरच्या पहिल्या रात्रपाळीआधी पांडुरंगाने बिजागऱ्यांत खोबरेल ओतलं, जरा जास्तच. फाटक लोण्यासारखं फिरू लागलं. सकाळी तो अंगणात दात घासत होता तेव्हा प्रभावती तिथे आली. डोळ्यांखाली काळं, केस विस्कटलेले.

"झोप नाय झाली?" त्याने विचारलं. "आता तर आवाज पण नाय."

"तेच ना! आवाज नाही, तर आली की नाही ते कळणार कसं? मी आपली कान लावून पडलेली. शेवटी उठून जनेलातून बघितलं तर तिच्या दारात चपला, कधीची येऊन झोपलीय." तिने फाटक ढकललं. ते गुपचूप उघडलं. तिने ते परत ओढलं, परत ढकललं, जणू काही त्याने उत्तर चुकवलं होतं.

"ते तेल पुसा आधी," ती म्हणाली.

"गे, तूच सांगितलं होतंस घालायला."

"सांगितलं होतं. आता पुसा सांगते. एक बिजागरी पुसली तरी चालेल."

पांडुरंगाने फडकं आणलं आणि पुसू लागला. पाव घेऊन आलेला पोदेर सायकलवर एक पाय टेकून हे बघत उभा राहिला.

"बाई," त्याने विचारलं, "सून अजून उठली नाय?"

"नाही," प्रभावती म्हणाली. "कामावरून आलीय. चार पाव जास्त दे, उठल्यावर तिला भूक लागते."

मग फाटक तिने एकदा हलवून बघितलं. ते थोडंसं कुरकुरलं. अजून पूर्वीसारखं नव्हतं.

"पुसा अजून," ती म्हणाली.